मूत्रमार्गाचे जंतू आणि हरत चाललेली औषधे

मूत्रमार्गाच्या संसर्गात सर्वाधिक वेळा सापडणारा जिवाणू रुग्णाच्या स्वतःच्याच आतड्यातून आलेला असतो. एश्चेरिशिया कोलाय, थोडक्यात ई. कोलाय, हे त्याचे नाव. थिओडोर एश्चेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये तान्ह्या मुलांच्या विष्ठेत त्याचे वर्णन केले. आतड्यात तो निमूटपणे राहतो. तेथून मूत्रमार्गाच्या तोंडाशी आणि मग मूत्राशयात पोहोचला की जळजळ, वारंवार लघवीला लागणे, ओटीपोटात दुखणे, कधी लघवीतून रक्त अशी लक्षणे सुरू होतात. एरवी निरोगी असलेल्या माणसाला होणाऱ्या साध्या संसर्गांपैकी सुमारे तीन चतुर्थांश याच जिवाणूमुळे होतात. उरलेल्यांत क्लेब्सिएला, प्रोटियस, एंटरोकोकस आणि तरुण स्त्रियांत स्टॅफिलोकोकस सॅप्रोफायटिकस यांचा वाटा असतो. रुग्णालयात नळी घातलेल्या रुग्णांमध्ये स्यूडोमोनासही दिसतो.

स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा, पुरुषांचा वीसच्या आसपास. एवढ्या एका फरकामुळे हा आजार मुख्यतः स्त्रियांचा ठरला आहे. साधारण निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी तो होतो. पुरुषांत तो उतारवयात, प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी साचू लागली की डोके वर काढतो. मधुमेह, गर्भारपण, मूतखडा आणि मूत्राशयात घातलेली नळी ही आणखी चार कारणे.

लघवीचा प्रवाह जंतूंना धुऊन काढत असतो, तरी काही ई. कोलाय टिकून राहतात. त्यांच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात आणि तंतूच्या टोकाशी फिमएच नावाचे प्रथिन. मूत्राशयाच्या अस्तरपेशींवर मॅनोज या शर्करेचे रेणू असतात. फिमएच त्यांना घट्ट धरून ठेवते. मग काही जिवाणू पेशींच्या आतही शिरतात आणि तेथे औषधापासून बरेचसे सुरक्षित राहतात. औषधाचा पूर्ण कोर्स घेऊनही महिन्या-दोन महिन्यांनी तोच त्रास परतण्यामागे हे एक कारण असते.

भिलाईसारख्या गावात या आजाराला पोषक परिस्थिती शोधावी लागत नाही. छत्तीसगडच्या मैदानी भागात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. पोलाद कारखान्यात कोक भट्टी आणि झोतभट्टीजवळ काम करणाऱ्याच्या अंगातले पाणी घामावाटे निघून जाते, लघवी कमी आणि घट्ट होते. बांधकामावर, बाजारात, शेतात राबणाऱ्या बायका स्वच्छतागृह नसल्यामुळे पाणीच कमी पितात आणि लघवी तासन्‌तास रोखून धरतात. दुर्ग, भिलाई, राजनांदगाव या पट्ट्यात नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आलेली आणि पुढे कारखान्यामुळे स्थिरावलेली मराठी घरे आहेत. तिथे उन्हाळी लागली की आधी धने-जिऱ्याचे पाणी केले जाते. त्यातल्या धन्या-जिऱ्याचे श्रेय बाजूला ठेवले तरी पाण्याचे श्रेय सिद्ध झाले आहे. बल्गेरियातील सोफिया येथे १४० स्त्रियांवर झालेली एक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. या स्त्रियांना वारंवार संसर्ग होत असे आणि त्या पाणी कमी पीत असत. त्यांतील निम्म्यांनी वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायले. त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, तर इतरांना ३.२ वेळा. प्रतिजैविकांचा खपही त्याच प्रमाणात उतरला.

पाण्याने भागले नाही की गोळी येते आणि गोळीबरोबर प्रतिरोधाचा प्रश्न.

हा प्रश्न प्रतिजैविकांच्या वापरातून वाढला हे खरे, पण त्याचे मूळ वापराच्या आधीचे आहे. ऑक्सफर्डमध्ये एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी डिसेंबर १९४० मध्ये पेनिसिलिन नष्ट करणारे एक विकर जिवाणूत सापडल्याचे जाहीर केले. पेनिसिलिनने पहिल्या रुग्णावर उपचार होण्यास अजून काही आठवडे होते आणि ज्या जिवाणूत हे विकर सापडले तो ई. कोलायच होता. माती, पाणी आणि आतडे या ठिकाणी जिवाणू आणि बुरशी लाखो वर्षे एकमेकांवर रासायनिक मारा करीत आल्या आहेत. मारा आणि बचाव दोन्ही तितकेच जुने. माणसाने मारा उचलून बाटलीत भरला. बचावाची जनुके जगात आधीपासून विखुरलेली होती, त्यांना आयती संधी मिळाली.

भारतात पेनिसिलिन तयार करण्यासाठी पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी उत्पादन सुरू झाले. त्याच १९५५ मध्ये भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला; फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. पोलाद आणि पेनिसिलिन या दोन्हींकडे तेव्हाचा देश सारख्याच विश्वासाने पाहत होता. मूत्रमार्गाच्या दृष्टीने मात्र साध्या पेनिसिलिनचा उपयोग थोडाच. ई. कोलायच्या भिंतीबाहेर आणखी एक आवरण असते आणि ते बरीच औषधे आत येऊ देत नाही. मूत्रसंसर्गावर खरी कामाची औषधे पेनिसिलिननंतर आली: १९५३ मध्ये नायट्रोफ्युरँटॉइन, १९६० च्या दशकाच्या आरंभी अँपिसिलिन आणि नॅलिडिक्सिक आम्ल, त्या दशकाच्या अखेरीस को-ट्रायमॉक्साझोल, मग नॉरफ्लॉक्सासिन आणि १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सिप्रोफ्लॉक्सासिन.

ही शेवटची दोन नावे भारतातल्या प्रत्येक औषधदुकानदाराला तोंडपाठ झाली. स्वस्त गोळी, दिवसातून दोनदा, आराम लवकर. लघवीची जळजळ, जुलाब, टायफॉइड, पायाची जखम, सगळ्यांवर हीच. तिचे पुढे काय झाले हे समजण्यासाठी ती काम कशी करते ते पाहावे लागते. जिवाणूचे डीएनए पेशीत पीळ घातलेल्या अवस्थेत असते आणि पेशी दुभंगण्यापूर्वी तो पीळ सोडवावा व घालावा लागतो. हे काम जायरेज नावाचे विकर करते. सिप्रोफ्लॉक्सासिन या विकराला डीएनएवरच अडकवून ठेवते आणि जिवाणू मरतो. जायरेजच्या जनुकात एक अक्षर बदलले, तर त्या विकरातील ८३ व्या जागेवरचे सेरिन हे अमिनो आम्ल बदलते आणि औषधाची पकड ढिली होते. जिवाणू मरत नाही, पण प्रतिरोध अजून अपुरा असतो. दुसरा बदल, मग त्याच कुळातल्या दुसऱ्या विकरात तिसरा, आणि आत आलेले औषध बाहेर फेकणाऱ्या पंपांची वाढ: अशा पायऱ्यांनी तो पक्का होतो. ई. कोलाय प्रयोगशाळेत वीस मिनिटांत दुप्पट होतो. एवढ्या मोठ्या संख्येत चुकीचे अक्षर कोठेतरी पडतेच. अर्धवट मात्रेची गोळी त्या चुकीलाच बाकीच्यांपासून निवडून काढते.

रुग्ण बहुतेकदा म्हणतो, ‘शरीराला औषधाची सवय झाली.’ शरीराला काहीच होत नाही. बदल जिवाणूंच्या समूहात होतो आणि तो दुसऱ्या माणसाकडेही जातो. शिवाय मूत्राशयातले जंतू आतड्यातून येत असल्याने सर्दी-खोकल्यासाठी घेतलेल्या प्रतिजैविकाचा परिणाम पुढच्या मूत्रसंसर्गावर दिसतो. प्राथमिक उपचारकेंद्रांतील रुग्णांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिजैविकाचा एक कोर्स घेतल्यानंतर लघवीतील जंतू प्रतिरोधक निघण्याची शक्यता बारा महिन्यांपर्यंत वाढलेली राहते आणि पहिल्या दोन महिन्यांत ती सर्वाधिक असते, असे त्यात आढळले.

उत्परिवर्तनाची वाट संथ आहे. प्रतिरोधाचा मोठा प्रसार दुसऱ्या वाटेने होतो. जिवाणूंत मुख्य गुणसूत्राशिवाय डीएनएची लहान वर्तुळे असतात, त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. दोन जिवाणू एकमेकांना चिकटले की प्लाझ्मिडची प्रत एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि त्यासाठी दोघांची जात एकच असण्याची गरज नाही. क्लेब्सिएलाकडून ई. कोलायकडे आणि त्याच्याकडून आणखी कुणाकडे. एका प्लाझ्मिडवर पाच-सहा औषधांविरुद्धची जनुके ओळीने बसलेली असू शकतात. म्हणून एका औषधाचा वापर कमी केला तरी दुसऱ्या औषधाच्या दबावामुळे सगळी शिदोरी टिकून राहते. जपानमध्ये १९५० च्या दशकात आमांशाच्या जंतूंत ही गोष्ट प्रथम ध्यानात आली.

या वर्तुळांवर बहुधा बसलेले असते बीटा-लॅक्टमेज या विकराचे जनुक. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन यांच्या रेणूत चार अणूंचे एक कडे असते. हे विकर ते कडे तोडते आणि औषध निकामी होते. १९८० च्या दशकात सेफोटॅक्झिम, सेफ्ट्रायॅक्झोन अशी नवी सेफॅलोस्पोरिने बाजारात आली, तेव्हा ती या विकरांना दाद देत नव्हती. काही वर्षांतच जर्मनीत त्यांनाही तोडणारी विकरे सापडली. अशा विस्तृत क्षमतेच्या विकरांना ईएसबीएल म्हणतात आणि लघवीच्या अहवालात ही चार अक्षरे पाहून आज कित्येक डॉक्टर सुस्कारा सोडतात. त्यातला सर्वांत यशस्वी प्रकार सीटीएक्स-एम-१५. त्याचे पहिले वर्णन नवी दिल्लीत १९९९ मध्ये मिळालेल्या जिवाणूंवरून २००१ मध्ये झाले. पुढच्या दहा वर्षांत तो जगभर पोहोचला आणि त्याला वाहून नेणारा मुख्य घोडा ठरला ई. कोलायचा एसटी १३१ हा वंश. या वंशाला सिप्रोफ्लॉक्सासिनचा प्रतिरोध आधीच होता, मूत्राशयाला चिकटण्याची क्षमताही चांगली होती. वर सीटीएक्स-एम-१५ ची भर पडली.

ईएसबीएलवर उपाय म्हणून कार्बापेनेम गटाची इंजेक्शने वापरात आली: इमिपेनेम, मेरोपेनेम. त्यांचाही भरवसा उडाला आणि ती कहाणीही लघवीच्या नमुन्यापासून सुरू होते. जानेवारी २००८ मध्ये स्वीडनमधील एका रुग्णालयात भारतीय वंशाच्या एका रुग्णाची लघवी तपासली गेली. तो काही दिवसांपूर्वी दिल्लीच्या रुग्णालयात राहून आला होता. त्या लघवीत क्लेब्सिएला सापडला, कार्बापेनेमांना न जुमानणारा, कडे तोडण्यासाठी जस्ताचा अणू वापरणारे नवे विकर असलेला. २००९ च्या शोधनिबंधात त्या विकराला न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, एनडीएम-१, असे नाव दिले गेले. नावावरून भारतात मोठा वाद झाला. सरकारी पातळीवर ते बदनामीकारक मानले गेले. पण दरम्यान मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी मार्च २०१० मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला होता. तीन महिन्यांत मिळालेल्या कार्बापेनेम-प्रतिरोधक २४ जिवाणूंपैकी २२ मध्ये हेच जनुक होते. नाव कोणते द्यावे याचा वाद घालणाऱ्यांनी हा आकडा वाचायला हवा होता. २०११ मध्ये दिल्लीतील साचलेल्या व नळाच्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली: साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी दोनमध्ये एनडीएम-१ चे जनुक मिळाले. रुग्णालयाच्या भिंतीआडचा प्रश्न गटारापर्यंत गेला होता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१३ पासून प्रतिरोधाची नोंद ठेवणारे प्रयोगशाळांचे जाळे उभारले. त्याच्या २०२१ च्या वार्षिक अहवालानुसार इमिपेनेमला दाद देणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण २०१६ मध्ये ८६ टक्के होते, ते पाच वर्षांत ६४ टक्क्यांवर आले. क्लेब्सिएलाचे ६५ वरून ४३ टक्क्यांवर. पण या आकड्यांवरून भिलाईतल्या एखाद्या बाईच्या लघवीतला जंतू कसा असेल ते ठरवता येत नाही. या जाळ्यातील बहुतेक संस्था मोठी, तृतीय स्तरावरची रुग्णालये आहेत. तेथे येणारा रुग्ण दोन-तीन दवाखाने फिरून, अनेक कोर्स घेऊन आलेला असतो. शिवाय कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची तपासणी, बहुधा औषध लागू न पडल्यावरच होते. पहिल्याच गोळीने बऱ्या झालेल्या शेकडो जणींची नोंद कुठेही होत नाही. म्हणजे राष्ट्रीय आकडे दिशा बरोबर दाखवतात, पण गावातल्या साध्या संसर्गाची स्थिती ते असते त्यापेक्षा वाईट रंगवतात. या फरकाचा तोटा असा की घाबरलेला डॉक्टर साध्या जळजळीवरही जबर औषध लिहितो.

तेव्हा प्रत्येक गावाला आपल्याच प्रयोगशाळेचा हिशेब हवा. एका वर्षात लघवीतून किती ई. कोलाय मिळाले आणि त्यांपैकी किती कोणत्या औषधाला दाद देत होते, याचा एक पानाचा तक्ता पुरतो. त्याला अँटिबायोग्रॅम म्हणतात. भिलाईत सेक्टर ९ मध्ये पोलाद कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र आहे, शेजारच्या रायपुरात एम्स आणि १९६३ चे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, राज्याने जिल्हा रुग्णालयांत ‘हमर लॅब’ नावाने प्रयोगशाळा उभारल्या आहेत. साधन कमी नाही. अडचण रुग्णाच्या वाटेत आहे. कारखान्याच्या कायम कामगाराच्या कुटुंबाला टाउनशिपचे रुग्णालय मिळते. सुपेला, खुर्सीपार, कॅम्प या वस्त्यांत राहणारा ठेक्यावरचा कामगार किंवा त्याची बायको बहुधा गल्लीतल्या दवाखान्यातून किंवा थेट दुकानातून चार गोळ्या घेऊन घरी जाते. स्त्रिया तर हा आजार सांगायलाच लाजतात. छत्तीसगडमध्ये २००२ पासून काम करणाऱ्या मितानिन या आरोग्यसेविकांना कित्येकदा तो प्रथम कळतो. गंभीर झालेला रुग्ण रायपूर किंवा अडीचशे किलोमीटरवरच्या नागपूरला हलवला जातो आणि तेव्हा त्याच्या जंतूची नोंद तिकडच्या तक्त्यात पडते.

कल्चर ही महागडी जादू नाही. ती नीट झाली तरच उपयोगी पडते आणि निम्मी चूक नमुना घेतानाच होते. सकाळची पहिली लघवी बरी, जागा पाण्याने धुवावी, पहिली धार सोडून द्यावी, मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी, डबीच्या काठाला बोट लावू नये. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे, नाहीतर शीतकपाटात ठेवावा लागतो. भिलाईच्या उन्हात दुपारभर डबी पिशवीत राहिली तर आतले जंतू आपोआप वाढतात आणि अहवाल खोटा ठरतो. प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्यावा, हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो.

प्रयोगशाळेत मोजून घेतलेली लघवी जेलसारख्या पोषक माध्यमावर पसरतात आणि रात्रभर ३५ ते ३७ अंशांवर ठेवतात. जंतूंच्या वसाहती मोजून एका मिलिलिटरमध्ये किती जंतू होते ते ठरते. अमेरिकेतील एडवर्ड कास यांनी १९५६ मध्ये दाखवले की एक लाख किंवा अधिक असतील तर तो खरा संसर्ग मानावा. आज लक्षणे असतील तर त्याहून कमी संख्याही ग्राह्य धरतात. दोन-तीन जातींचे जंतू मिसळून वाढले तर तो बहुधा नमुना दूषित झाल्याचा पुरावा असतो. नंतर निवडलेला जंतू दुसऱ्या बशीवर पसरून त्यावर औषधाच्या छोट्या कागदी चकत्या ठेवतात. अमेरिकेतील कर्बी आणि बाउअर यांनी १९६६ मध्ये ही पद्धत निश्चित केली. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसते. वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून ठरावीक मापाशी ताडतात आणि औषधापुढे एस, आय किंवा आर लिहितात: जंतू दाद देतो, मध्यम, प्रतिरोधक. नमुना दिल्यापासून अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. आता बऱ्याच मोठ्या प्रयोगशाळांत यंत्र हे काम करते, पण तत्त्व तेच.

अहवालात पंधरा-वीस औषधांची यादी येते आणि तिथे एक नेहमीची चूक घडते: ज्यांच्यापुढे एस आहे त्यांतले सर्वांत जबर औषध निवडले जाते. वास्तविक ज्यांच्यापुढे एस आहे त्यांतले सर्वांत साधे, तोंडाने घेण्याजोगे औषध आधी पाहावे.

ताप आणि पाठदुखी नसलेल्या साध्या मूत्राशयसंसर्गावर आज पुन्हा जुनीच औषधे पुढे आली आहेत. नायट्रोफ्युरँटॉइनला सत्तर वर्षे झाली, तरी भारतातील बहुतेक ई. कोलाय अजून त्याला दाद देतात. त्याचे कारण मनोरंजक आहे. हे औषध जिवाणूच्या आत गेल्यावर तिथल्याच विकरांमुळे फुटते आणि एकाच वेळी प्रथिने, डीएनए, श्वसनसाखळी अशा अनेक ठिकाणी घाव घालते; एका जागेचा बदल करून सुटका होत नाही. प्रतिरोधासाठी ते फोडणारी दोन विकरे गमवावी लागतात. त्याने जिवाणू स्वतःच दुबळा होतो. शिवाय औषध रक्तात फारसे टिकत नाही, लघवीत साठते, त्यामुळे आतड्यातल्या जंतूंवर दबावही कमी पडतो. याच गुणामुळे मूत्रपिंडाच्या संसर्गावर मात्र ते चालत नाही. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना आणि गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत देत नाहीत, आणि प्रोटियस त्याला जन्मतःच दाद देत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शिकेत ते पहिल्या पसंतीत आहे. दुसरे फॉस्फोमायसिन, १९६९ मध्ये स्पेनच्या मातीतील जिवाणूपासून मिळालेले. जंतूची भिंत बांधण्याची पहिली पायरीच ते अडवते. तीन ग्रॅमची पुडी पाण्यात विरघळवून एकदाच घ्यायची. ईएसबीएल असलेले ई. कोलायही बहुतेक त्याला दाद देतात.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन यांच्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये सांगितले की दुसरा पर्याय असताना साध्या मूत्रसंसर्गासाठी ती देऊ नयेत. स्नायुबंध, मज्जातंतू आणि मनावर होणारे दुष्परिणाम त्यामागे होते. भारतात प्रतिरोधामुळेही तोच निष्कर्ष निघतो. २०१० पासून भारतात फॅरोपेनेम ही तोंडाने घ्यायची गोळी मिळते आणि मूत्रसंसर्गात तिचा वापर वाढला आहे. ती कार्बापेनेमांच्या जवळच्या कुळातली आहे. तिच्या ढिलाईने होणाऱ्या वापरामुळे रुग्णालयातील शेवटच्या इंजेक्शनांविरुद्धचा प्रतिरोध घरबसल्या तयार होण्याची धास्ती तज्ज्ञांना वाटते, आणि ती रास्त आहे.

कधी कधी औषध न देणे हाच योग्य उपचार असतो. लघवीत जंतू आहेत पण कोणतेही लक्षण नाही, ही स्थिती उतारवयातील स्त्रियांत आणि मधुमेहींत सर्रास आढळते. मूत्राशयात नळी असेल तर दर दिवशी तीन ते सात टक्के रुग्णांत जंतू येतात आणि महिनाभर नळी राहिली तर जवळजवळ सर्वांत. लक्षणे नसताना दिलेले औषध त्यांचा त्रास कमी करत नाही, फक्त प्रतिरोधक जंतूंना जागा करून देते. अपवाद दोन: गर्भवती स्त्री आणि मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया व्हायची असलेला रुग्ण. वार्षिक तपासणीत ‘पस सेल्स’ थोड्या जास्त दिसल्या म्हणून सुरू केलेल्या गोळ्या बहुधा या चुकीच्या गटात येतात.

विक्रीवर कायद्याचा लगाम आहे, पण तो अर्धाच. केंद्र सरकारने ३० ऑगस्ट २०१३ च्या अधिसूचनेने अनुसूची एच-१ लागू केली. ती १ मार्च २०१४ पासून अमलात आली. तिच्यातील ४६ औषधांत सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्झोन, लेव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम, फॅरोपेनेम आहेत; दुकानदाराने डॉक्टर आणि रुग्ण यांची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे ठेवायची असते. सिप्रोफ्लॉक्सासिन मात्र या यादीत नाही. त्याला केवळ डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि चिठ्ठी मागण्याची पद्धत कशी असते हे सर्वांना ठाऊक आहे. पट्टीवरची लाल रेघ ही चिठ्ठीशिवाय देऊ नये याची खूण. २०१६ मध्ये तिच्या प्रचाराची मोहीमही झाली.

औषध फक्त माणसेच घेत नाहीत. दुर्ग-राजनांदगाव पट्ट्यात कुक्कुटपालनाचा मोठा व्यवसाय आहे आणि दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यकाचे कामधेनू विद्यापीठ आहे. कोंबड्यांना दिले जाणारे एन्रोफ्लॉक्सासिन हे सिप्रोफ्लॉक्सासिनचे सख्खे भावंड आहे. पक्ष्याच्या शरीरात ते काही अंशी सिप्रोफ्लॉक्सासिनच होते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले. ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश निघाले. कोंबडीतले ई. कोलाय माणसाच्या मूत्राशयात किती वेळा जातात, यावर अजून वाद आहे. जनुके मात्र कोणत्याही दिशेने प्रवास करतात. कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतले औषध जनावरांना देण्यास भारताने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. चीनमध्ये २०१५ साली कोलिस्टिनच्या प्रतिरोधाचे जनुक प्लाझ्मिडवर सापडले, त्यानंतर हे अपरिहार्य होते.

नव्या औषधांच्या बाबतीत मूत्रसंसर्गाला एक वेगळे स्थान आहे. औषध लघवीत चांगले साठते आणि रोगमुक्तीची खात्री कल्चरने होते, म्हणून गुंतागुंतीच्या मूत्रसंसर्गावरच बहुतेक नवी प्रतिजैविके प्रथम तपासली जातात. चेन्नईच्या ऑर्किड फार्माच्या प्रयोगशाळेतून निघालेला एन्मेटाझोबॅक्टम हा रेणू सेफेपिमबरोबर वापरण्यास अमेरिकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता दिली. तो ईएसबीएलला थोपवतो. एनडीएमपुढे त्याचे काही चालत नाही. एनडीएमवर दुसरा मार्ग मराठवाड्यात निघाला आहे. छत्रपती संभाजीनगरमधील वोक्हार्टच्या संशोधन केंद्राने झिडेबॅक्टम हा रेणू सेफेपिमशी जोडला. हा रेणू विकराशी झुंजत बसत नाही. जिवाणूच्या भिंतीचे काम करणाऱ्या दुसऱ्याच प्रथिनाला धरतो आणि सेफेपिमचा घाव पुरेसा करतो. गुंतागुंतीच्या मूत्रसंसर्गात मेरोपेनेमशी तुलना करणाऱ्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निकाल २०२५ मध्ये आले. परदेशात अझ्ट्रिओनाम आणि अव्हिबॅक्टम यांची जोडीही मान्य झाली आहे. अझ्ट्रिओनाम एनडीएमकडून तुटत नाही. या सगळ्या शिरेतून द्यायच्या, रुग्णालयातल्या औषधांचा खर्च एखाद्या कंत्राटी कामगाराच्या आवाक्यातला नाही. तोंडाने घ्यायच्या नव्या गोळ्यांपैकी जेपोटिडॅसिनला मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांसाठी आजवर महिनोन्‌महिने कमी मात्रेत प्रतिजैविक देण्याची पद्धत होती. तिला एक जुना पर्याय पुन्हा पुढे आला आहे. मेथेनामिन हिप्युरेट ही गोळी आम्लधर्मी लघवीत फॉर्माल्डिहाइड सोडते. ते जंतूंना सरसकट मारते आणि त्याला प्रतिरोध निर्माण झाल्याचे ठळक उदाहरण नाही. ब्रिटनमध्ये २४० स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०२२ मध्ये आले. वर्षभर मेथेनामिन घेणाऱ्या गटातील संसर्ग रोज प्रतिजैविक घेणाऱ्या गटाच्या तुलनेत थोडे जास्त होते, पण फरक ठरवलेल्या मर्यादेत राहिला. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलमही उपयोगी पडते: त्याने तेथील लॅक्टोबॅसिलस जंतूंचे प्रमाण पुन्हा वाढते आणि ई. कोलायला मूत्रमार्गाच्या तोंडाशी जागा मिळत नाही.